चोथा

आजोबांसाठी नवं घोंगडं आलं की पहिले काही दिवस त्याची नीट घडीसुद्धा व्हायची नाही. पत्र्यासारखं ताठ असायचं ते. आम्ही पोरं ते उभं करून त्याच्या आत घर-घर खेळायचो आणि आजी चुलीपुढून ओरडायची, "खळ हाय अजून त्येला. वापरात आलं की मऊ पडंल. तवर टोचायचंच."

ती खळ चिंचोक्याची. मंगळवेढ्याकडच्या आमच्या गावात सणगरांची, म्हणजे घोंगडी विणणाऱ्यांची, पाच-सहा घरं होती. उन्हाळ्यात घरोघरी चिंचा फोडून झाल्या की चिंचोक्यांचे ढीग उरत. ते गोणीत भरून सणगरांकडे नेऊन द्यायचं काम आम्हा पोरांचं. तिथे चिंचोके भाजून, वरचं तांबूस टरफल काढून, भिजवून, वाटून, शिजवून त्यांची लापशीसारखी चिकट खळ व्हायची. अंगणात लोकरीचा ताणा लांबलचक ताणलेला असायचा आणि सणगरकाका त्यावर कुंच्याने ती खळ मारत जायचे. खळ वाळली की सूत कडक व्हायचं, मागावर तुटायचं नाही. वाटेत चार-सहा चिंचोके आमच्या खिशात राहायचेच. चुलीच्या राखेत भाजून ते गालात धरायचे, अर्धा-अर्धा तास चघळायचे. दाताला हार न जाणारी ती वस्तू मला फार आवडायची.

ह्या चिंचोक्याची आणि माझी पुन्हा गाठ पडली ती पन्नाशी उलटल्यावर, आतड्यातल्या जिवाणूंवरच्या एका शोधनिबंधात. ते कसं घडलं ते सांगायचं तर आधी चोथ्याबद्दल सांगायला हवं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. पचनसंस्थेचा धडा आला की वर्षानुवर्षं मी फळ्यावर एक ओळ लिहीत आले : चोथा म्हणजे अन्नातला न पचणारा भाग, त्याने पोट साफ राहतं. मुलं ती वहीत उतरवून घेत आणि परीक्षेत तशीच लिहीत. आपल्या भाषेत हा शब्दच तसा आहे. उसाचा रस काढल्यावर उरतो तो चोथा. नारळाचं दूध पिळून घेतल्यावर उरतो तोही चोथा. घेण्यासारखं सगळं घेऊन झालं, आता हे टाकायचं, असा निकाल त्या शब्दातच लागलेला असतो. गाईला चालेल, आपल्याला नको. मलाही त्यात कधी काही खटकलं नव्हतं.

मग तीन वर्षांपूर्वी आबा आजारी पडले. पोटात संसर्ग झाला, शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर बरेच दिवस जोरकस प्रतिजैविकं चालली. त्या औषधांनी माझे वडील वाचले, हे मी कधी विसरणार नाही. पण घरी आल्यावर त्यांचं पोट पहिल्यासारखं राहिलं नव्हतं. आयुष्यभर ज्वारीची भाकरी आणि पावट्याची उसळ खाल्लेला माणूस, पण आता दोन घास उसळ खाल्ली की पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, कळा यायच्या, रात्रभर झोप नाही. डॉक्टर म्हणाले, औषधांनी आतले चांगले जिवाणूही मेलेत, भरून येतील हळूहळू. एवढंच. आबांनी निमूटपणे मऊ भात आणि मुगाचं वरण खायला सुरुवात केली. ताटात भाकरी नाही याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. बोलले नाहीत, पण आम्ही जेवायला बसलो की ते माझ्या ताटाकडे बघायचे.

"भरून येतील" म्हणजे नेमकं कोण भरून येणार, आणि ते आत काय करत होते, हे मला माहीत नव्हतं. पचनसंस्था शिकवणाऱ्या बाईला माहीत नव्हतं. त्या रात्रींपासून मी वाचायला लागले.

सुरुवात पावट्यापासूनच केली. पावटा, वाल, हरभरा, चवळी ही कडधान्यं आपल्या दाण्यात रॅफिनोज, स्टॅकिओज, व्हर्बास्कोज अशा साखरा साठवून ठेवतात. या साखरांच्या साखळीतली गॅलॅक्टोजची कडी तोडायला जे एन्झाइम लागतं, ते माणसाच्या लहान आतड्यात तयारच होत नाही. त्यामुळे त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात उतरतात. तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डाय-ऑक्साइड सुटतो. काही माणसांच्या आतड्यात तर त्याच हायड्रोजनपासून मिथेन करणारेही सूक्ष्मजीव राहतात. आपण ज्याला वातूळ म्हणतो ते हे. जिवाणूंची वस्ती नांदती असली की हा वायू बराचसा आतल्या आत वापरला जातो, कारण एकाने सोडलेला हायड्रोजन दुसऱ्याचं अन्न असतं. आबांच्या पोटातली ही देवघेव विस्कटली असावी, असं मला वाटलं.

यात एक गोष्ट अशी कळली की मी उठून आईला सांगायला गेले. त्या साखरा पावट्याने ठेवलेल्या असतात त्या स्वतःच्या कोंबासाठी. दाणा भिजला, मोड यायला लागला, की तो आपली ही शिदोरी स्वतःच सोडून खायला लागतो. म्हणून मोड आलेल्या कडधान्यात त्या कमी झालेल्या असतात. आई म्हणाली, "म्हणून तर मोड आल्याशिवाय उसळ करत नाहीत. त्यात काय?" तिला हे ठाऊक होतंच, फक्त साखरेचं नाव ठाऊक नव्हतं.

पुढे वाचलं ते आकडे अजून डोक्यातून जात नाहीत. वनस्पतींच्या शरीरात साखरा एकमेकींना अक्षरशः शेकडो तऱ्हांनी जोडलेल्या असतात. त्यातले अन्नातले जोड तोडायला माणसाच्या जनुकांत जास्तीत जास्त 17 एन्झाइमांची तरतूद आहे. पिष्ट, उसाची साखर, दुधातली साखर, एवढ्यावर आपली मजल संपते. आणि आपल्या मोठ्या आतड्यात राहणारा बॅक्टेरॉइडिस थेटायोटाओमायक्रॉन हा एकच जिवाणू घ्या. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेने 2003 मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध केला. साखरेचे जोड तोडणारी अडीचशेहून जास्त एन्झाइमं त्या एकट्याजवळ आहेत. एवढं मोठं शरीर आपलं, त्यात 17, आणि डोळ्याला न दिसणाऱ्या त्या ठिपक्यात अडीचशे. माणसाच्या अंगावर आणि अंगात मिळून असे जिवाणू साधारण 38 लाख कोटी, त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. सगळ्यांचं वजन मिळून सुमारे 200 ग्रॅम. पावकिलोलाही कमी.

आणि मग चिंचोका.

2014 मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात आलेलं एक संशोधन मी वाचत होते. कॅनडातलं ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ, स्टॉकहोम, मिशिगन, यॉर्क इथल्या शास्त्रज्ञांनी मिळून केलेलं. विषय झायलोग्लुकॅन. कांदा, टोमॅटो, पालेभाज्या अशा वनस्पतींच्या पेशींना जी भिंत असते, तिच्यातला हा मोठा घटक. आमच्याकडे तुराट्यांचा कूड घालतात. तुराट्या उभ्या करायच्या, त्या आडव्या काटक्यांनी बांधून काढायच्या आणि वर शेणमातीचा गिलावा. पेशीभित्तिकेत सेल्युलोजचे धागे म्हणजे त्या तुराट्या, आणि झायलोग्लुकॅन त्यांना धरून ठेवणाऱ्या बांधणीचं काम करतं. ग्लुकोजचा सरळ कणा, त्याला जागोजागी झायलोजच्या फांद्या, त्यांतल्या काहींना पुढे गॅलॅक्टोज. आता हे झायलोग्लुकॅन प्रयोगासाठी भरपूर आणि शुद्ध कुठून आणायचं? प्रयोगशाळा ते आणतात चिंचोक्यातून. चिंचेच्या बीमध्ये ते नुसतं बांधणीपुरतं नसतं, साठा म्हणून भरलेलं असतं. टरफल काढलेल्या गराचा निम्म्याहून जास्त भाग तेच.

मी कागद बाजूला ठेवून बराच वेळ बसून राहिले. सणगरकाकांच्या कुंच्यावरची खळ ती हीच. सेल्युलोजला बिलगणं हा ज्याचा मूळ धर्म, ते कापसाच्या सुतावरही बसतं, म्हणून तर कापडाच्या गिरण्यांनीही चिंचोक्याची पावडर खळीसाठी वापरली. आणि माझ्या गालात अर्धा तास विरघळत राहायचं तेही हेच. दाताला, लाळेला, जठराला न जुमानता ते खाली उतरायचं आणि खाली कोणीतरी त्याची वाट बघत असायचं.

त्या कोणाचं नाव बॅक्टेरॉइडिस ओव्हॅटस. शास्त्रज्ञांनी त्याच्या जनुकांचा एक तुकडा शोधून काढला. तिथे झायलोग्लुकॅन उलगडायची सगळी हत्यारं ओळीने ठेवलेली आहेत. पेशीच्या बाहेरच्या अंगाला काही प्रथिनं असतात, ती येणारा लांबलचक धागा पकडून धरतात. तिथेच बाहेर एक एन्झाइम कण्यावर पहिला काप घालतं. मग हे तुकडे एका दारातून आत ओढले जातात आणि आत गेल्यावर एक एन्झाइम गॅलॅक्टोज काढतं, दुसरं झायलोज काढतं, शेवटी उघडा पडलेला ग्लुकोजचा कणा एकेक करून सुटा होतो. टोमॅटोच्या झायलोग्लुकॅनमध्ये अरॅबिनोज ही निराळी साखर लागलेली असते, तर तिच्यासाठीही दोन एन्झाइमं शेजारीच ठेवलेली. हे वाचताना मला नानांच्या सुतारकामाची पेटी आठवली. प्रत्येक हत्याराची जागा ठरलेली, आणि ते उचलायचा क्रमही ठरलेला.

ही जनुकांची पेटी किती माणसांच्या पोटात आहे हे त्यांनी पाहिलं. दहातल्या नऊ माणसांजवळ, ह्या ना त्या जिवाणूकडे, ती होती. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. ज्या जगात रोजच्या फोडणीत कांदा पडतो तिथे हे असणारच. आपण कांदा चिरतो, टोमॅटो चिरतो, शिजवतो, चावतो आणि समजतो की झालं. खरी शेवटची चिराचिरी दीड मीटर लांबीच्या मोठ्या आतड्यात, अंधारात, प्राणवायूशिवाय चाललेली असते.

ही हत्यारं जिवाणूंना मिळतात कुठून? त्याचं मला माहीत असलेलं सर्वांत सुंदर उत्तर जपानमधून येतं. नोरी नावाचं समुद्री शेवाळ जपानी लोक फार जुन्या काळापासून खातात. आठव्या शतकात ते सारा म्हणून सरकारात भरता येत असे. या शेवाळाच्या भिंतीत पॉर्फिरॅन नावाची गंधकयुक्त साखळी असते, जमिनीवरच्या कुठल्या भाजीत ती नसते. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर रोस्कॉफ गावात सागरी जीवशास्त्राचं जुनं केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांना समुद्रात राहणाऱ्या झोबेलिया नावाच्या जिवाणूत पॉर्फिरॅन कापणारं एन्झाइम सापडलं. त्याची जुळी जनुकं आणखी कुठे आहेत म्हणून त्यांनी शोध घेतला. सगळी समुद्रातल्या जिवाणूंत. अपवाद एकच, जपानी माणसाच्या आतड्यातला बॅक्टेरॉइडिस प्लेबियस. त्यांनी 13 जपानी आणि 18 उत्तर अमेरिकी माणसांच्या आतड्यांतली जनुकं ताडून पाहिली. अमेरिकी माणसांत ही जनुकं मिळाली नाहीत. 2010 मध्ये हे प्रसिद्ध झालं. कच्च्या शेवाळाला चिकटून आलेला एखादा समुद्री जिवाणू कधीतरी कुणाच्या पोटात गेला, आणि जाताजाता तिथल्या रहिवाशाला आपलं हत्यार देऊन गेला. मग नोरी रोज येतच राहिली, म्हणून ते हत्यार टिकलं.

ही गोष्ट मी आठवीच्या वर्गाला सांगितली तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "बाई, मग आपल्या पोटात ज्वारीचं काय असेल?" मला त्याला नीट उत्तर देता आलं नाही. प्रश्न मात्र मी वहीत लिहून ठेवलाय.

ज्वारीचं जेवढं कळलं ते असं. भाकरीतलं पिष्ट सगळं लहान आतड्यात पचत नाही, आणि शिजवलेलं पिष्ट गार झालं की त्यातला आणखी थोडा भाग आवळून घट्ट होतो. शिळी भाकरी, शिळा भात यात तो जास्त. हे न पचलेलं पिष्ट फोडायला मोठ्या आतड्यात रुमिनोकॉकस ब्रोमाय नावाचा एक जिवाणू पुढे होतो. स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनच्या रोवेट संस्थेत यावर काम झालं. तिथल्या स्वयंसेवकांपैकी ज्यांच्या पोटात हा जिवाणू अगदी कमी होता, त्यांच्या पोटातून ते पिष्ट बरंचसं तसंच बाहेर पडलं. बाकीचे सगळे जिवाणू हजर, पण पहिला घाव घालणारा नाही, म्हणून सगळे उपाशी. आमच्या गावात पहिलं नांगरट करणाऱ्याची बैलजोडी आजारी पडली की अख्ख्या शिवाराची पेरणी लांबायची, तसंच काहीसं.

मग या सगळ्या फोडाफोडीतून शेवटी निघतं काय? लहान-लहान आम्लं. अॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. त्यातलं ब्युटिरेट माझ्या विशेष जिव्हाळ्याचं. लोण्यात पहिल्यांदा सापडलं म्हणून लोण्यावरून त्याचं नाव पडलं. आपल्या तुपातही ते थोडं असतं. पण तुपातलं ब्युटिरेट वरच्यावर शोषलं जातं, मोठ्या आतड्यापर्यंत ते फारसं पोचत नाही. आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी तर आपली सुमारे 70 टक्के ऊर्जा ब्युटिरेटमधून मिळवतात. बाकीचं शरीर मुख्यतः रक्तातून येणाऱ्या साखरेवर आणि चरबीवर चालतं. ह्या पेशींचं पोट भरतं जिवाणूंनी चोथा आंबवून केलेल्या ह्या लोण्यावर. मी तीस वर्षं ज्याला "न पचणारा भाग" म्हणत आले, त्यावर माझ्या स्वतःच्या शरीराचा एक अख्खा अवयव जगत होता. फळ्यावरची ती ओळ मी आता लिहीत नाही.

आणि चोथा मिळाला नाही तर? तर हे जिवाणू आतड्याच्या आतला श्लेष्माचा थर खायला लागतात. तोही साखरांच्या साखळ्यांचाच बनलेला असतो. मिशिगन आणि लक्झेंबर्गच्या शास्त्रज्ञांनी 2016 मध्ये उंदरांत हे दाखवलं. तंतुमय अन्न बंद केलं, थर पातळ झाला, आणि रोगजंतूंना वाट मोकळी झाली. ते वाचलं त्या रात्री मी आबांच्या मऊ भाताकडे काळजीने बघत होते. पण हात घाईचा नको, हेही कळत होतं.

आजीच्या फळीवर दोन बरण्या कायम असायच्या. एक जवसाच्या चटणीची, दुसरी सोनामुखीची. दोन्हींचा उलगडा मला फार उशिरा झाला.

1980 मध्ये संशोधकांच्या दोन गटांना माणसाच्या लघवीत एक अनोळखी पदार्थ सापडला. स्त्रियांमध्ये तो मासिक चक्राप्रमाणे कमी-जास्त होताना दिसला, म्हणून हे मानवी संप्रेरकच असावं असं आधी वाटलं. पुढे दोनेक वर्षांत उमगलं की तो शरीर बनवतच नाही. तो वनस्पतींतल्या लिग्नॅन नावाच्या घटकापासून आतड्यातले जिवाणू बनवतात, आणि लिग्नॅन सर्वांत जास्त कशात, तर जवसात. त्या पदार्थाचं नाव एंटेरोलॅक्टोन. त्याची घडण स्त्रीसंप्रेरकाशी थोडी मिळतीजुळती आहे. जवसातल्या लिग्नॅनपासून इथवर यायला चार टप्पे लागतात. आधी त्याला चिकटलेली साखर काढायची, मग मिथाइल गट काढायचे, मग हायड्रॉक्सिल गट, शेवटी हायड्रोजन काढून कडं जुळवायचं. कुठलाही एक जिवाणू हे चारही टप्पे करत नाही. एकाच्या हातचं दुसऱ्याच्या हातात जातं.

मला हे वाचताना घोंगडंच दिसत होतं. धनगर मेंढरं कातरतो, कुणी लोकर पिंजतं, बायका सूत कातून देतात, सणगर खळ देऊन विणतो. एकाही घरात अख्खं घोंगडं होत नाही. आणि यातलं एखादं घर गाव सोडून गेलं तर बाकीच्यांच्या हातात अर्धंच काम उरतं. म्हणूनच तीच जवसाची चटणी खाल्लेल्या दोघींच्या शरीरात एंटेरोलॅक्टोन सारखं तयार होत नाही. एकीच्या पोटात चारही कारागीर असतात, दुसरीच्या पोटात एखादा नसतो.

या कारागिरांतला एक, एगर्थेला लेंटा, जवसाच्या तिसऱ्या टप्प्यावर काम करतो. हाच जिवाणू वैद्यकात वेगळ्याच कारणाने ओळखीचा आहे. डिजिटॅलिस नावाच्या फुलझाडापासून हृदयाचं औषध मिळतं. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने त्यावर 1785 मध्ये पुस्तक लिहिलं. त्या कुळातलं डिजॉक्सिन आजही वापरलं जातं. पण सुमारे दहातल्या एका रुग्णात ते हवं तसं लागू पडत नसे, कारण पोटातला एगर्थेला ते निकामी करून टाकायचा. यामागची जनुकं 2013 मध्ये हाती आली. त्यातही गंमत अशी की सगळेच एगर्थेला हे करत नाहीत, आणि आर्जिनिन हे अमिनो आम्ल भरपूर मिळालं तर करणाऱ्याचीही ती सवय थंडावते. एकाच जातीच्या जिवाणूने चटणीतून काहीतरी घडवावं आणि गोळीतून काहीतरी मोडावं, आणि तेही आपण आणखी काय खाल्लं यावर ठरावं, हे मला फार विलक्षण वाटतं.

सोनामुखीचं गणित याच्या उलट. आजी रात्री निजताना चिमूटभर चूर्ण कोमट पाण्यातून द्यायची आणि म्हणायची, "सकाळी बघ." सकाळीच का, हे मी कधी विचारलं नाही. सोनामुखीच्या पानातली सेनोसाइडं स्वतः काहीच करत नाहीत. त्यांना साखर जोडलेली असते, त्यामुळे ती लहान आतड्यात न शोषली जाता थेट मोठ्या आतड्यात जातात. तिथले जिवाणू ती साखर कापतात, उरलेल्याचं रूप बदलतात, आणि तेव्हा कुठे त्यातून खरं औषध तयार होतं. या प्रवासाला सहा ते बारा तास लागतात. निजताना दिलं की सकाळ होते. आजीने दिलेलं औषध आजीने नव्हतं केलेलं. ते रात्रभर माझ्याच पोटात कुणीतरी तयार करत होतं.

एक गोष्ट मात्र मी मुलांना अजूनपर्यंत ठामपणे शिकवत होते : माणूस सेल्युलोज पचवू शकत नाही, ते गाई-म्हशींचं काम. 2024 मध्ये इस्रायलच्या बेन गुरियन विद्यापीठातल्या इत्झाक मिझ्राही यांच्या गटाने 'सायन्स'मध्ये दाखवून दिलं की माणसाच्या आतड्यातही सेल्युलोज फोडणारे रुमिनोकॉकस आहेत, आजवर न ओळखलेले. त्यातल्या एकाचं कूळ रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातलं दिसतं, बहुधा गुरं पाळायला लागल्यावर आपल्याकडे आलेलं. एका जातीने तर मका, भात, गहू अशा धान्यांचे तंतू फोडायची जनुकं कमावलेली आहेत. म्हणजे आपण शेती शिकलो तसे तेही शिकले. हे जिवाणू प्राचीन माणसांच्या सुकलेल्या विष्ठेत सापडतात, शिकारी जमातींत सापडतात, खेड्यांत सापडतात. औद्योगिक देशांतल्या शहरांत ते अगदी विरळ झालेत.

हे वाचून मला आनंद झाला आणि लगेच पोटात खड्डाही पडला. एखादी बोली विरत चालल्याचं कळावं, तेही ती असल्याचं कळतं त्याच दिवशी, तसं झालं.

कारण खेड्यांतली माणसं गाव सोडतात तेव्हा काय होतं हेही मोजून झालंय. थायलंडमधून अमेरिकेत मिनेसोटाला गेलेल्या ह्माँग आणि कारेन लोकांचा अभ्यास 2018 मध्ये आला. तिकडे पोचल्यावर काही महिन्यांतच त्यांच्या पोटातले वनस्पतींचे तंतू फोडणारे जिवाणू आणि एन्झाइमं ओसरू लागली, आणि पुढच्या पिढीत आणखीच. आपल्याकडच्या भाकरी-वरण खाणाऱ्या पोटांत प्रेव्होटेला या तंतू फोडणाऱ्या जिवाणूची मोठी वस्ती असते, हे भारतातल्या बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पुण्यातल्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातल्या आणि आघारकर संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी भारतीय माणसांच्या पोटातून मेगास्फेरा इंडिका नावाची नवी जात वेगळी केली, 2014 मध्ये. नावातच इंडिका. अशा आपल्या आणखी किती जाती अजून नाव मिळायच्या बाकी असतील, हा विचार मला रात्री येतो. आणि घरोघरी मैद्याची पाकिटं वाढताहेत, हाही.

स्टॅनफर्डमध्ये उंदरांवर एक प्रयोग झाला. त्या उंदरांच्या पोटात माणसाचे जिवाणू वसवले होते. चार पिढ्या कमी चोथ्याचं अन्न दिलं. पहिल्या पिढीत काही जिवाणू घटले, पण चोथा पुन्हा दिल्यावर बरेचसे परतले. चौथ्या पिढीत मात्र नुसता चोथा देऊन ते परतले नाहीत. आईकडून पिल्लाला मिळायचेच राहून गेले होते. त्यांना परत आणायला ते जिवाणूच बाहेरून द्यावे लागले. आजी, आई, मी, माझी मुलगी. मी बोटांवर चार पिढ्या मोजल्या.

आबांचं सांगायचं राहिलं. आम्ही घाई केली नाही. डॉक्टरांना विचारून, आधी भाताबरोबर भाकरीचा चतकोर तुकडा ताकात कुस्करून. मग अर्धी. शिजवलेला कांदा, भोपळा, दोडका. जवसाची चटणी बोटाच्या टोकावर. मधे दोन वेळा पोट बिघडलं, पुन्हा मागे आलो. आई रोज वहीत लिहायची, काय खाल्लं, किती खाल्लं, रात्र कशी गेली. सहा-सात महिन्यांनी त्यांनी एक अख्खी भाकरी खाल्ली आणि ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं. वस्तीतलं कोण परत आलं, कोण कायमचं गेलं, हे मी सांगू शकत नाही. आपण काय देतो एवढंच हातात होतं आणि तेवढं आम्ही दिलं.

उसळ मात्र त्यांनी मागितली नव्हती. भीती बसली होती. ह्या थंडीत, गेल्या रविवारी, आजोबांचं जुनं, आता रेशमासारखं मऊ झालेलं घोंगडं गुडघ्यावर घेऊन ते ओसरीत बसले होते. मी समोर लसूण सोलत होते. म्हणाले, "पावटा आलाय का गं बाजारात?"

संध्याकाळी पावटा आणला, निवडला, पातेल्यात भिजत घातला. सकाळी दाणे टपोरे फुगले होते. उपसून पातळ फडक्यात घट्ट बांधले आणि पुरचुंडी खुंटीला टांगली. आबा दोनदा येऊन बघून गेले. फडकं चाचपून म्हणाले, "अजून नाहीत आले."

"उद्या येतील," मी म्हटलं. "आज तो स्वतः जेवतोय."